सत्याची मालकी

कार्तिकातली पहाट. साल १८९९. तुम्ही पंचगंगेच्या घाटावर उभे आहात आणि पायांखालचा काळा दगड इतका गार पडलाय की पाय आलटून पालटून टेकावे लागतायत. नदीवर धुकं आहे. पाण्याच्या कडेची छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्यांची देवळं हळूहळू उजेडात येतायत. मुलखात प्लेग आहे, पाऊसही रुसलाय. लोक हळू बोलतात, अनोळखी माणसापासून चार हात लांब राहतात. घोंगडं पांघरून पायरीवर बसलेला एक म्हातारा तुमच्याकडं बघून म्हणतो, "पावणं, जरा कडंला व्हा. सरकार यायला लागल्यात आंगुळीला."

सरकार म्हणजे पंचवीस वर्षांचे शाहू छत्रपती. कारभार हाती येऊन पाच वर्षं झालीत. सोबत मुंबईहून आलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत आहेत. महाराज पाण्यात उतरतात. काठावरचे नारायण भट मंत्र म्हणू लागतात. तुमच्या कानाला ते संस्कृत आहे एवढंच कळतं. पवित्र वाटतं, बरं वाटतं. भागवतशास्त्र्यांच्या कानाला मात्र वेगळंच कळतं. हे वेदातले मंत्र नाहीत, पुराणातले श्लोक आहेत. आणि म्हणणाऱ्या भटजींनी स्वतः अजून आंघोळही केलेली नाही. विचारल्यावर मिळालेलं उत्तर पुढं प्रत्येक चरित्रकारानं नोंदवून ठेवलं: शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, त्याच्यासाठी पुराणोक्त, आणि पुराणोक्त म्हणायला भटजीनं आधी न्हायलाच पाहिजे असं नाही.

ज्याच्या अंगावरून पाणी निथळतंय तो या राज्याचा छत्रपती आहे. त्याला त्याच्याच नदीत, त्याच्याच पुरोहितानं सांगितलंय की तू कोण आहेस हे तू ठरवायचं नाहीस. ते आधीच ठरलेलं आहे, कायमचं.

आता तुम्ही तुमच्या काळातून सोबत आणलेलं वाक्य इथं वापरून बघा. ते वाक्य तुम्ही कॉलेजात ऐकलंय, घरातल्या भांडणात म्हटलंय, वाद टाळायला शंभरदा पुढं केलंय: ज्याचं त्याचं सत्य. भटजींचं सत्य त्यांचं, महाराजांचं महाराजांचं. ऐकायला किती समंजस. पण इथं, या पायरीवर, त्याचा अर्थ काय होतो बघा. दोघांचं सत्य आपापल्या जागी खरं, तर मंत्र बदलायचं कारणच उरत नाही. विधी भटजींच्या हातात आहे, तो तसाच चालू राहील. परवा, तेरवा, पुढच्या कार्तिकात. पाण्यातल्या माणसाला हवंय ते एवढंच की कुणीतरी म्हणावं: हे खोटं आहे. तुमच्या वाक्याला तेवढं म्हणता येत नाही.

हे वाक्य कुठून आलं ते थोडक्यात सांगतो, कारण दोष सगळा तुमचा नाही. १९७९ मध्ये ज्यां-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंतानं उत्तर-आधुनिक अवस्थेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. माणसाच्या प्रगतीची, मुक्तीची, विवेकाची जी महाकथनं युरोप सांगत आला त्यांच्यावर आता विश्वास उरलेला नाही, असं त्याचं निदान होतं. मिशेल फुको दाखवत होता की ज्ञान आणि सत्ता एकमेकांत गुंतलेली असतात. वेडा कोण, गुन्हेगार कोण, हे ठरवणाऱ्या शास्त्रामागे एक हात असतो. यावर सनातनी आणि परंपरावादी बाजूनं जोरदार टीका झाली. अमेरिकेत ॲलन ब्लूमनं १९८७ मध्ये लिहिलं की विद्यापीठात येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी सत्य सापेक्ष असतं हे गृहीत धरूनच येतो, आणि त्यामुळं त्याचं मन उघडण्याऐवजी बंद होतं. इंग्लंडच्या रॉजर स्क्रूटननं साधा पेच टाकला: सत्य नसतंच असं सांगणाऱ्याचं ते सांगणं तरी खरं मानायचं का? एप्रिल २००५ मध्ये पोप होण्याच्या आदल्या दिवशी कार्डिनल रात्झिंगर यांनी सापेक्षतावादाची हुकूमशाही येतेय असा इशारा दिला. ही टीका फक्त उजवीकडून झाली असंही नाही. मीरा नंदा यांनी २००३ मध्ये डावीकडून तेच बजावलं: विज्ञानाला 'पश्चिमेचं एक सत्य' म्हणून खाली ओढलं की देशी अंधश्रद्धेला मोकळं रान मिळतं.

मला ही टीका मुळात बरोबर वाटते. तरीही ती जशीच्या तशी उचलून कोल्हापुरात आणता येत नाही, कारण इथं निरपेक्ष सत्याचा दावा घाटावर न न्हाता उभा असलेल्या माणसाचाच होता. म्हणून तुम्हाला आणखी पुढं न्यायचंय.

ऑक्टोबर १९०१. तुम्ही शहरातल्या एका वाड्याच्या ओसरीवर आहात. मधल्या काळात महाराजांनी राजोपाध्यांना, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांना, वेदोक्त विधी करा असं फर्मावलंय आणि त्यांनी नकार दिलाय. ओसरीवर 'केसरी'चा अंक मोठ्यानं वाचला जातोय. २२ आणि २९ तारखेच्या दोन अग्रलेखांत टिळकांनी वेदोक्ताच्या मागणीला खूळ ठरवलंय. ऐकणारे मान डोलावतायत. त्यांना खलनायक समजू नका, तसं केलंत तर इथवर येणं वाया गेलं. यातल्या कित्येकांनी आयुष्य विद्येला वाहिलंय. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर घ्या: 'ग्रंथमाला' काढून मराठीत ज्ञान आणण्यासाठी झिजलेला माणूस, 'समर्थ'मधून महाराजांच्या विरोधात लिहिणारा, आणि पुढं वेदमंत्रांच्या तेजावरचा लेख आपल्या 'विश्ववृत्ता'त छापल्याबद्दल राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेलेला. वेद खरे आहेत असं म्हणताना या माणसानं त्याची किंमतही मोजली.

त्यांची भीती काय आहे ते ओसरीवरचे एक आजोबा तुम्हाला समजावून सांगतात. "अहो, आज राजानं सांगितलं म्हणून शास्त्र बदललं. उद्या दुसरा राजा दुसरं सांगेल. मग शास्त्र राहिलं कुठं? जो गादीवर, त्याची इच्छा म्हणजेच शास्त्र!"

ऐकलंत? ब्लूमची भीती हीच, रात्झिंगर यांचीही हीच. सत्य वर कुठंतरी, कुणाच्या इच्छेपलीकडं नसेल, तर खाली उरते ती फक्त ताकद. आजोबांचा हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. त्यांना विचारायला हवा तो प्रश्न दुसराच आहे. आजोबा, सत्य इच्छेपलीकडं आहे हे मान्य. मग तुमचं विधान तपासू या का? कलियुगात क्षत्रिय उरलेले नाहीत, पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण आहेत, हे तुम्ही जगाबद्दल म्हणताय. जगाबद्दल म्हटलेलं खरं असतं किंवा खोटं. ६ जून १६७४ ला रायगडावर काशीच्या गागाभट्टांनी शिवाजी महाराजांना वेदमंत्रांनी राज्याभिषेक केला, आधी मुंज लावून. तो विधी खरा होता की नव्हता? नव्हता म्हणत असाल तर १८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव झाला तेव्हा तुम्ही गहिवरून कशासाठी बोललात? खरा होता म्हणत असाल तर त्याच घराण्याच्या वारसाला सव्वादोनशे वर्षांनी नदीत पुराणोक्त का?

या प्रश्नानं ओसरी अडचणीत येते. पण नीट पाहा, हा प्रश्न विचारता आला तो कशाच्या जोरावर. विसंगती फक्त त्यालाच खुपते, ज्याला दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत असं वाटतं. ज्याचं त्याचं सत्य मानणाऱ्याला रायगडावर एक आणि पंचगंगेवर दुसरं, यात काहीच बिघडत नाही. आजोबा आणि भागवतशास्त्री एकमेकांशी भांडू शकतात, कारण दोघांच्या पायाखाली एकच जमीन आहे. तुम्ही मात्र दोघांपैकी कुणाशीच भांडू शकत नाही.

निकाल कसा लागला तेही पाहून घ्या, आणि त्यातलं न पटणारंही झाकू नका. वादाचा निर्णय करायला समिती नेमली गेली. १९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. त्यांची दाद मुंबई सरकारकडं, मग व्हाइसरॉय कर्झनपर्यंत गेली आणि फेटाळली गेली. १९०५ मध्ये शंकराचार्यांच्या मठानं महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. तुमच्या शेजारी फुको उभा असता तर त्यानं बोट दाखवलं असतं: युक्तिवादानं काय जिंकलं? गावं काढून घेतली, वरचा दरबार राजाच्या बाजूनं गेला, तेव्हा मठानं सत्य बदललं. यात तथ्य आहे. इनामाच्या जोरावर टिकलेलं मत इनाम काढून घेऊन वाकवलं, याला मी सत्याचा विजय म्हणणार नाही. शिवाय महाराजांची पहिली मागणी तरी काय होती? मला क्षत्रिय म्हणा. त्यात रस्ता झाडणाऱ्या माणसाला काहीच मिळत नव्हतं. हा वाद साताऱ्याला प्रतापसिंहांच्या वेळी झाला, बडोद्याला सयाजीरावांच्या वेळी झाला. राजवाडा आणि देवघर यांच्यातला मानापमान म्हणून तो तिथंच संपवता आला असता.

पण तो संपला नाही, आणि सत्तेचं हे स्पष्टीकरण माझ्या मते इथंच अपुरं पडतं.

तुम्ही महाराजांच्या शेवटच्या वर्षांत, भाऊसिंगजी रस्त्यावर या. इथं गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान आहे, नाव सत्यसुधारक. गंगाराम आधी सरकारी पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला भांडवल दिलं. दुकान निघालं, पण महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा छत्रपतींनी गाडी दुकानापुढं थांबवून तिथला चहा घ्यायला सुरुवात केली. सोबतच्या मंडळींनाही घ्यावा लागला. तुम्हीही एक कप घ्या. बाकावर शेजारी बसलेला पैलवान गडी आधी दुकानाकडं, मग तुमच्याकडं बघतो आणि म्हणतो, "खुद्द महाराजच पित्यात म्हंटल्यावर आपण कोन लागून गेलो?" आणि बशीत ओततो.

पंचगंगेवरून भाऊसिंगजी रस्त्यावर येईतो काय काय झालं होतं ते आठवा. २६ जुलै १९०२ चा हुकूम: दरबारच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा. १९११ मध्ये भास्करराव जाधवांच्या अध्यक्षतेखाली कोल्हापुरात सत्यशोधक समाज. १९१३ मध्ये बहुजन मुलांना पौरोहित्य शिकवणारी शाळा. १९१७ पासून सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. १९१८ मध्ये महार वतनाच्या वेठीवर घाव. मार्च १९२० मध्ये माणगावची अस्पृश्यांची परिषद, जिथं महाराजांनी तरुण आंबेडकरांना लोकांपुढं तुमचा पुढारी म्हणून उभं केलं. यातल्या निम्म्या गोष्टींनी महाराजांच्या स्वतःच्या जातीतले लोक दुखावले. पागेत गंगारामांना मारणारे हात मराठ्यांचेच होते. मला वेदोक्त नाकारणं खोटं, असं एकदा मनापासून म्हटलं की ते 'मला'पाशी थांबत नाही. माझ्या जन्मावरून माझी लायकी ठरवणं चूक असेल, तर गंगारामांच्या जन्मावरून त्यांची ठरवणंही चूकच. सत्तेला आपल्या सोयीच्या उंबरठ्यावर थांबता येतं. खऱ्या विधानाला तसं थांबता येत नाही. ते पुढच्या दारावरही थाप मारतं.

हे ज्योतीराव फुल्यांनी आधीच ओळखलं होतं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी धर्मग्रंथांमागचा हात उघडा पाडला, फुकोच्या शंभर वर्षं आधी आणि कुणा फ्रेंच प्राध्यापकाची मदत न घेता. पण हात उघडा पाडून ते तिथं थांबले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं शेवटचं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' काय सांगतं? निर्मिक एक आहे, स्त्री आणि पुरुष दोघांनाही जन्मतः सारखे हक्क आहेत, आणि हे सगळ्यांसाठी, सगळीकडं खरं आहे. ज्याला सत्य नाकारलं गेलं त्यानं सत्यच मागितलं, आपलं वेगळं सत्य मागितलं नाही. त्याला वेगळं सत्य परवडणारंच नव्हतं. वेगळं तर त्याला आधीच दिलेलं होतं: वेगळा पाणवठा, वेगळा मंत्र, वेगळी वस्ती.

महाराजांच्या हातून मला न पटलेली एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. १९२० मध्ये त्यांनी क्षात्र जगद्गुरूंचं नवं पीठ उभं केलं. काही सत्यशोधकांनाही ते रुचलं नव्हतं, आणि त्यांची नाराजी योग्य होती असं मला वाटतं. एका गादीची मक्तेदारी मोडायला दुसरी गादी मांडली की सत्याला पुन्हा मालक मिळतो.

आता शेवटचा मुक्काम, १९३५. भवानी मंडपाजवळचं राजाराम कॉलेज. महाराजांनी १९१९ मध्ये हे कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिलं होतं, आणि प्राचार्य डॉ. बाळकृष्ण त्या परंपरेतले. वेद अपौरुषेय आहेत, पण ते सगळ्यांचे आहेत, अशी ती श्रद्धा. एका वर्गात माधव जूलियन फारसी शिकवतायत. दुसऱ्यात ना. सी. फडके तत्त्वज्ञान. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसा. इथं आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये अर्धमागधी शिकवतात. वय एकोणतीस. कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'ची त्यांची संपादित आवृत्ती याच वर्षी निघालीय. हस्तलिखितं गोळा करायची, पाठभेद ताडून बघायचे, कुठला पाठ मूळचा ते पुराव्यानं ठरवायचं, हे त्यांचं काम. मूळ पाठ होता, तो शोधता येतो, आणि शोधताना आपण चुकू शकतो, या तीनही गोष्टींवर एकदम विश्वास असल्याशिवाय हे काम करताच येत नाही.

कोल्हापूरच्या या मातीत जैन विचार जुना आहे, आणि आपल्या वादाला लागणारं सगळ्यात नेमकं हत्यार त्याच्याकडं आहे. अनेकान्तवादाला लोक हल्ली ज्याचं त्याचं सत्य याचीच प्राचीन आवृत्ती समजतात. ते धादांत चूक आहे. जैन तत्त्वज्ञ म्हणतो की वस्तू खरोखर आहे, आणि तिला अनंत बाजू आहेत. केवलज्ञानी तिला पूर्ण जाणतो. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हाती येतो तो 'नय', म्हणजे एका बाजूनं घेतलेला खरा पण अपुरा वेध. म्हणून विधान करताना 'स्यात्' म्हणायचं, या अपेक्षेनं असं, हे सांगून टाकायचं. आणि आपला नय हाच सगळा, बाकीचे खोटे, असं कुणी म्हणू लागला की तो 'दुर्नय' होतो.

या मापानं दोघांनाही मोजून बघा. राजोपाध्यांची चूक निरपेक्ष सत्य आहे असं मानण्यात नव्हती; ते संपूर्ण आपल्या पोथीत आलंय आणि तपासणी बंद झालीय असं मानण्यात होती. उत्तर-आधुनिक माणसाची चूक उलटी: प्रत्येकाचा वेध अपुरा आहे हे त्यानं बरोबर पाहिलं आणि वेध घ्यायला समोर काही नाहीच असा निष्कर्ष काढला. त्याच्यावर टीका करणारे सनातनीही पुष्कळदा अर्ध्यावर थांबतात. सत्य आहे, इथवर ते बरोबर असतात. पुढच्याच वाक्यात 'आणि ते आमच्याकडं आहे' असं म्हणतात, तेव्हा ते घाटावरच्या भटजींच्या शेजारी जाऊन उभे राहतात.

तुम्ही तुमच्या काळात परत आलात. आजच्या कोल्हापुरातही हा वाद जुना झालेला नाही. 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे गोविंद पानसरे कागदपत्रांच्या आधारानं एक इतिहास मांडत होते. तो चुकीचा वाटला तर कागदपत्रं दाखवून खोडता आला असता. १६ फेब्रुवारी २०१५ ला सागरमाळ भागात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या पुस्तकाला पुस्तकानं उत्तर द्यायला कुणाची आडकाठी नव्हती.

तेव्हा एक विनंती आहे. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं शाहू छत्रपतींची कागदपत्रं खंडांमध्ये छापली आहेत. वेदोक्ताचा वाद त्यांत आहे. पुढच्या वेळी कुणी ज्याचं त्याचं सत्य म्हणून विषय मिटवू लागला, किंवा आमच्या ग्रंथात आहे म्हणून मिटवू लागला, तर ते खंड काढा. महाराजांची बाजू वाचा आणि राजोपाध्यांचीही तेवढ्याच लक्षपूर्वक वाचा. मग कोण बरोबर होतं ते सांगा, कारणांसह.